हलालच्या पुढचा शब्द : मुले, स्वयंपाकघर आणि स्वच्छता

कोल्हापुरातील कोणत्याही मुस्लिम घरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला आपण काय खातो असे विचारले, तर 'हलाल' हे उत्तर ते क्षणाचाही विलंब न लावता देते. दुकानातले बिस्कीट हातात घेतल्यावर वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचून त्यात चरबी कशाची आहे असे विचारणारी मुलेही माझ्या पाहण्यात आहेत. तेच मूल मैदानावरून खेळून आलेल्या हातांनी तेच बिस्कीट खाते, तेव्हा मात्र त्याला काही खटकत नाही, आणि खरे सांगायचे तर घरातल्या मोठ्यांनाही फारसे खटकत नाही. कुरआनच्या सूरह (अध्याय) बकरामधील 168 व्या आयतीत (वचनात) खाण्याविषयीची आज्ञा आली आहे, ती 'हलालन् तय्यिबन्' अशा दोन शब्दांनी. त्यातला पहिला शब्द आपण मुलांकडून पाठ करून घेतला आणि दुसरा तसाच राहून गेला. हलाल म्हणजे धर्माने ज्याची परवानगी दिली ते. तय्यिब म्हणजे चांगले, निर्मळ, अंगी लागणारे, अपाय न करणारे. रीतसर जबह केलेले, म्हणजे धर्माच्या रीतीने कापलेले, मटण दिवसभर प्लॅस्टिकच्या पिशवीत उकाड्यात पडून राहिले, तर त्याचे पहिले विशेषण कायम राहते आणि दुसरे गळून पडते. ही आयत 'या अय्युहन्नास', म्हणजे 'लोकहो', अशा हाकेने सुरू होते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे शेजारच्या घरातल्या मुलांनाही तितकेच लागू पडेल.

पाक आणि स्वच्छ

मुलांना समजावताना सर्वांत आधी एक गाठ सोडवावी लागते. आपल्या घरांत 'पाक' आणि 'नापाक' हे शब्द लहानपणापासून कानावर पडतात, आणि पाक म्हणजेच स्वच्छ असे मूल गृहीत धरते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु फिकहमधील, म्हणजे इस्लामी धर्मनियमांच्या शास्त्रातील, पाकी प्रामुख्याने इबादतीच्या, म्हणजे उपासनेच्या, संदर्भात पाहिली जाते, म्हणजे या कपड्यावर, या अंगावर, या पाण्याने नमाज होईल की नाही हे ती सांगते, तर आरोग्याच्या दृष्टीने पाहिलेली स्वच्छता ही या वस्तूमुळे आजार होईल की नाही हे सांगते. ही दोन वर्तुळे एकमेकांवर बरीचशी बसतात, पण पुरती बसत नाहीत.

याची उदाहरणे मुलांना लगेच पटतात. पाणी मिळाले नाही तर वुजूऐवजी, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याऐवजी, तयम्मुम मातीने करता येतो, म्हणजे माती पाक आहे. तरी त्याच मातीत जंतांची अंडी आणि नाना प्रकारचे जीवाणू असतात, म्हणून मातीच्या हाताने भाकरी खायची नाही. मांजर नापाक नाही, ती तुमच्यात वावरणाऱ्यांपैकीच आहे, असे पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याची हदीस, म्हणजे त्यांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे, आणि हनफी परंपरेतील फिकह मांजरीचे उष्टे पाणी हराम, म्हणजे निषिद्ध, न ठरवता मकरूह, म्हणजे नापसंत, मानतो, तरीही मांजरीने तोंड घातलेले दूध लहान बाळाला पाजावे असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. कच्ची कोंबडी कापलेली सुरी नुसत्या पाण्याखाली धरून रक्ताचा डाग घालवला, तर डोळ्यांना ती लख्ख दिसते, परंतु तिच्या पात्यावरचे साल्मोनेला जीवाणू साबणाविना पुरते निघत नाहीत. मुलाला इतकेच सांगावे की, पाकी ही नमाजची अट आहे, तय्यिब ही ताटाची अट आहे, आणि मुसलमानाला दोन्ही अटी पाळायच्या आहेत. साबण लावणे ही दीनच्या, म्हणजे धर्माच्या, बाहेरची, केवळ शाळेच्या आरोग्याच्या पुस्तकातली गोष्ट आहे, असा जो समज मुलांच्या मनात नकळत तयार होतो, तो येथेच थांबतो.

न दिसणाऱ्या पाहुण्यांची बेरीज

जीवाणू म्हणजे काय हे सांगताना किडे, राक्षस अशी चित्रे काढून मुलांना घाबरवण्याची पद्धत मला आवडत नाही, कारण भ्यालेले मूल चार दिवस हात धुते आणि पाचव्या दिवशी काही झाले नाही असे पाहून सोडून देते. त्यापेक्षा हिशेब मांडून दाखवावा. उबदार, ओलसर आणि पौष्टिक अन्नात कित्येक जीवाणू साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. रात्री अकरा वाजता एक जीवाणू रश्श्यात पडला असे धरले, तर बारा वाजता आठ, एक वाजता चौसष्ट, आणि सकाळी सहा वाजता 20,97,152. चौथी-पाचवीतल्या मुलाकडून ही दुप्पट वहीवर करून घ्यावी. सुरुवातीला कंटाळलेला मुलगा आकडा हजारांत गेल्यावर सरसावून बसतो. प्रत्यक्षात अन्न, ओलावा आणि तापमान यांप्रमाणे हा वेग कमी-जास्त होतो, आणि सगळे जीवाणू आजार करत नाहीत, दही लावणारे तर आपल्या उपयोगाचेच असतात, हेही त्याच वेळी सांगून टाकावे.

या वाढीला 5 ते 60 अंश सेल्सिअस हा पट्टा मानवतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली सुरक्षित अन्नाची जी पाच सूत्रे प्रसिद्ध केली त्यांत स्वच्छता राखा, कच्चे आणि शिजवलेले वेगळे ठेवा, पुरते शिजवा, अन्न योग्य तापमानात ठेवा, आणि पाणी व कच्चा माल सुरक्षित वापरा, असे सांगितले आहे. शिजवताना अन्नाच्या मध्यभागी 70 अंश तापमान गाठले जावे आणि शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये, असा त्यांचा सल्ला आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा 35 अंशांच्या पुढे जातो, म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा हा त्या पट्ट्याच्या अगदी मधोमध असतो.

'वुजू तर आत्ताच केला'

जेवायला बसताना हात धुवायला सांगितले की नमाजहून आलेले मूल हटकून हे उत्तर देते, आणि त्यावर काय बोलावे हे पालकांना सुचत नाही, कारण वुजूला कमी लेखल्यासारखे होईल अशी भीती वाटते. खरे तर वुजूने त्या मुलाला हात धुण्याची अर्धी विद्या आधीच देऊन ठेवलेली असते. मनगटांपर्यंत हात तीनदा धुणे, आणि एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांत गुंफून 'खिलाल' करणे, हे त्यात येते, आणि यांतली बोटे गुंफण्याची कृती दवाखान्यातील भिंतीवर लावलेल्या हात धुण्याच्या तक्त्यातही जशीच्या तशी असते. इमाम मुस्लिम यांच्या हदीस-संग्रहातील, हजरत आयेशा (र.) यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये फितरतच्या, म्हणजे माणसाच्या मूळ स्वभावातील, दहा गोष्टींत बोटांच्या सांध्यांवरच्या सुरकुत्या धुणे ही गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली आहे. मळ नेमका तेथेच बसतो. नखे कापण्याला चाळीस दिवसांहून अधिक उशीर नको अशी मर्यादाही त्याच संग्रहात हजरत अनस (र.) यांच्याकडून आली आहे, ती शेवटची मर्यादा आहे हे सांगून मुलांची नखे दर जुम्याला कापावीत.

उरलेली अर्धी विद्या साबणाची. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याला चिकटते आणि दुसरे तेलकटपणाला. जीवाणू हाताच्या तेलकट थरात अडकून बसलेले असतात, आणि साबण तो थरच उचलून पाण्याबरोबर वाहून नेतो. हे तोंडी सांगण्यापेक्षा मुलाच्या तळहातावर चमचाभर तेलात कालवलेली हळद चोळावी आणि आधी नुसत्या पाण्याने हात धुवायला लावावा. पाणी मोत्यांसारखे ओघळून जाते आणि पिवळेपणा जागच्या जागी राहतो. मग साबण लावून वीस सेकंद चोळायला सांगावे. कपडे धुण्याच्या साबणाने हळद लालसर होते, ती का, असा प्रश्न मूल विचारील, तेव्हा साबण अल्कधर्मी असतो आणि अशा पदार्थात हळद रंग बदलते हे सांगता येईल. ईदच्या पांढऱ्या कुर्त्यावरचा रश्श्याचा डाग धुताना लाल का झाला होता, याचेही उत्तर त्याला तेथेच मिळते. शेवटी नखांच्या कडांना आणि अंगठ्याच्या मुळाशी पिवळे काय उरले ते पाहावे, म्हणजे आपला हात नेमका कोठे चुकतो हे त्याचे त्यालाच कळते.

वीस सेकंद मोजण्यासाठी मुलांना एखादी छोटी सूरह म्हणायला सांगावी, असे काही घरांत करतात. स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी ते ठीक आहे, परंतु आपल्याकडे बहुतेक घरांत बेसिन न्हाणीघरातच असते, आणि शौचाच्या जागी कुरआन पठण करू नये हा अदब मुलाला दुसऱ्या बाजूने शिकवलेला असतो. अशा ठिकाणी सरळ वीसपर्यंत आकडे मोजावेत. पाणी मात्र चोळताना बंद ठेवावे. पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे दोन हातांच्या ओंजळीत मावेल इतक्या पाण्यात, वुजू करत, हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे; ते ऐकल्यावर धो-धो सोडलेल्या नळाकडे पाहून मुले स्वतःच ओशाळतात.

झोपेतून उठल्यावर हात तीनदा धुतल्याशिवाय भांड्यात घालू नये, कारण रात्री तो कोठे होता हे माणसाला ठाऊक नसते, ही हदीस मला मुलांना सांगण्यासाठी विशेष आवडते, कारण तिच्यात आज्ञेबरोबर कारणही दिलेले आहे. स्टॅफिलोकॉकस नावाचा जीवाणू पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर राहतो आणि झोपेत हात नेमका तिकडेच जातो. सहरीला, म्हणजे रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणाला, अर्धवट झोपेत कणकेच्या डब्यात हात घालणाऱ्या मोठ्यांनीही ती ऐकायला हरकत नाही.

मटण, मोरी आणि शिंतोडे

कोल्हापुरी घरात मांसाहार म्हणजे तांबडा-पांढरा रस्सा, सुके मटण, आणि त्यांच्या आधीचे अळणी. मटण हळद, मीठ, आले-लसूण घालून शिजवले जाते आणि तो अर्क पुढे रश्श्यात जातो, त्यामुळे शिजण्याच्या बाबतीत आपली पद्धत चांगलीच सुरक्षित आहे. धोका असतो तो त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात, जेव्हा कच्चे मांस ओट्यावर असते आणि मूल आईच्या पदराशी 'मी काय करू?' म्हणत उभे असते.

कोंबडी नळाखाली धुऊ नये, असे अन्नसुरक्षेचे तज्ज्ञ सांगतात, कारण धुण्याने मांसावरचे जीवाणू मरत नाहीत आणि पाण्याचे शिंतोडे त्यांना आजूबाजूच्या भांड्यांवर, कोथिंबिरीवर, पुसायच्या फडक्यावर नेऊन बसवतात. ते मारण्याचे काम आच करते. हे वाक्य आपल्या घरात उच्चारले तर दादी-नानी कानांवर हात ठेवतील, आणि त्यांचेही अगदीच चुकते असे नाही, कारण दुकानातून आलेल्या मांसाला पिसे, हाडांचे बारीक तुकडे, गोठलेले रक्त चिकटलेले असते. येथे कुरआनचा एक शब्द कामी येतो. सूरह अनआममधील 145 व्या आयतीत 'दमन् मस्फूहन्', म्हणजे वाहते रक्त, निषिद्ध सांगितले आहे. जबहच्या वेळी ते वाहून जाते, आणि मांसात, शिरांत उरलेला लालसरपणा त्यात मोडत नाही, असे फुकहा, म्हणजे फिकहचे जाणकार, म्हणतात. त्यामुळे पाणी पुरते पांढरे होईपर्यंत दहा वेळा धुण्याची धार्मिक गरज नाही. धुवायचेच असेल तर मोरी किंवा सिंक रिकामे करून, पातेल्यात पाणी भरून, मांस त्यात बुडवून हलक्या हाताने धुवावे, पाणी हळूच ओतावे, आणि नंतर सिंक, ओटा आणि हात साबणाने धुवावेत.

मुलांना शिंतोडे दाखवण्यासाठी खऱ्या मांसाची गरज नाही. बटाट्याला ओली हळद फासून तो नळाच्या धारेखाली धरावा आणि सिंकच्या भोवती पांढरे कागद पसरून ठेवावेत; पिवळे ठिपके हातभर लांब गेलेले पाहिल्यावर कोशिंबिरीचे ताट तेथून दूर का ठेवायचे, हे पुन्हा सांगावे लागत नाही. त्यानंतर विळी आणि सुरी यांचा विषय आपोआप निघतो. ज्या विळीवर मटण कापले तिच्यावरच काकडी चिरायची असेल, तर आधी काकडी चिरून घ्यावी आणि मग मटण. घरात दोन विळ्या नसल्या तरी क्रम बदलायला पैसे पडत नाहीत. ओटा पुसण्याचे फडके हे घरातले सर्वांत दुर्लक्षित आणि बहुधा सर्वांत मळके कापड असते, आणि तेच फडके शेवटी मुलाच्या तोंडावरूनही फिरते. ते रोज धुऊन उन्हात वाळवावे, आणि ही जबाबदारी आठ-नऊ वर्षांच्या मुलाला खुशाल द्यावी.

झाकण

भांडी झाका, पखालींची तोंडे बांधा, झाकायला काही मिळाले नाही तर निदान एक काडी तरी आडवी ठेवा, अशा अर्थाची हदीस हजरत जाबिर (र.) यांच्याकडून आली आहे. दुसऱ्या एका प्रसंगी एक सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, उघड्या भांड्यातून दूध घेऊन आले, तेव्हाही पैगंबर (स.) यांनी ते झाकले का नाही असे विचारल्याचे बुखारीत नोंदलेले आहे. माशी उकिरड्यावरून उठून अन्नावर बसते, तिच्या पायांना आणि सोंडेला लागलेली घाण तेथे उतरते, आणि बसल्या बसल्या ती अन्नावर थुंकतेही, एवढे सांगितले की मुले झाकणे शोधू लागतात.

दुधाचा विषय निघालाच आहे तर कोल्हापूरकरांना थोडे न आवडणारे लिहितो. गंगावेशेतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात घेऊन पिण्याची आपली परंपरा तालमीतल्या पैलवानांइतकीच अभिमानाची आहे, आणि त्या फेसाळ पेल्याची चव मलाही ठाऊक आहे. तरीही न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयरोग यांचे जीवाणू माणसात येऊ शकतात, आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्याचा धोका अधिक असतो. पाश्चरीकरणात दूध 63 अंशांवर तीस मिनिटे किंवा 72 अंशांवर पंधरा सेकंद तापवतात. घरी उकळी आणली की काम होते. मुलांना दूध तापवूनच द्यावे.

पाण्याबद्दल कोल्हापूर जिल्ह्यात फार समजावण्याची गरज पडू नये. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली, आणि 2019 व 2021 च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले. पूर ओसरल्यावर पाणी खळखळून उकळून घ्यावे, आणि पुराच्या पाण्यात भिजलेले धान्य, कितीही जीव तुटला तरी, मुलांच्या ताटात वाढू नये.

उरलेली बिर्याणी

काही वर्षांपूर्वी आमच्याच घरी ईदच्या रात्री उरलेली बिर्याणी मोठ्या पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवली गेली. सकाळी ती चांगली वाफ येईपर्यंत गरम केली, सर्वांनी खाल्ली, आणि दुपारच्या आत चौघांना उलट्या सुरू झाल्या. 'वास तर अजिबात आला नव्हता,' असे दादी पुढे कित्येक दिवस म्हणत राहिली, आणि तिचे म्हणणे खरे होते. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जीवाणूची बीजाणुरूपे असतात, म्हणजे कडक कवचात झोपलेले जीवाणू. भात शिजला तरी ती मरत नाहीत. भात कोमट झाला की ती जागी होतात, वाढतात, आणि त्यांतले काही जीवाणू असे विष तयार करतात जे पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. वास, रंग, चव यांत काही फरक पडतोच असे नाही. नाकावरचा आपला जुना विश्वास येथे फसतो. मोठे पातेले तर आणखी वाईट, कारण वरचा थर गार झाला तरी मधला भात कित्येक तास कोमट राहतो.

उपाय कठीण नाही. उरलेला भात परातीत पातळ पसरून लवकर गार करावा, लहान डब्यांत भरावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. पांढरा रस्सा नारळाच्या दुधामुळे आणखी लवकर उतरतो, त्याला तर रात्रभर बाहेर ठेवूच नये. रमजानमध्ये असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजच्या, आधी कापून ठेवलेले कलिंगड मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजपर्यंत, ओट्यावर तापत राहते. ते कापायचे काम मोठ्या मुलांकडे देऊन अजानच्या अर्धा तास आधी करवून घेतले, तर रोजा उघडण्याच्या तयारीत त्यांचाही हात लागतो. फळ आधी अखंड असतानाच धुवायचे, कारण सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते.

बकरी ईदला प्रश्न वाढतो, कारण अलीकडच्या वर्षांत ती कोल्हापुरात पावसाळ्याच्या तोंडावर, दमट उकाड्यात येत आहे, आणि वाटणीचे मांस पिशव्यांतून दुपारपर्यंत फिरत असते. घरचा हिस्सा एका मोठ्या गोळ्यात फ्रिजरमध्ये कोंबला तर आतल्या भागापर्यंत थंडी पोहोचायला फार वेळ लागतो. एका वेळच्या भाजीपुरते चपटे पुडे करून, मध्ये हवा खेळेल असे ठेवावेत. फ्रिजर उणे 18 अंशांवर जीवाणूंची वाढ थांबवतो, त्यांना मारत नाही, म्हणून बाहेर काढलेला पुडा फ्रिजच्या खालच्या खणात रात्रभर सुटा होऊ द्यावा. पुड्यांवर तारीख लिहिण्याचे काम मुलांचे.

पडलेला घास आणि उष्टे

आता दोन अडचणीच्या जागा. पडलेला घास उचला, त्याला लागलेला 'अज़ा' काढा आणि खा, तो शैतानसाठी सोडू नका, ही इमाम मुस्लिम यांच्या संग्रहातील हदीस मुलांना माहीत असते आणि शाळेत शिकलेले 'खाली पडलेले खाऊ नये' हे वाक्यही माहीत असते. मूल गोंधळते, आणि पालक बहुधा दोन्हींपैकी एका बाजूला गप्प करून मोकळे होतात. उत्तर त्या हदीसमधील एका शब्दातच आहे. अज़ा म्हणजे त्रास देणारी, अपाय करणारी वस्तू; ती काढल्यावर खा, असे म्हटले आहे. स्वच्छ दस्तरखानवर, म्हणजे जेवायला अंथरलेल्या कापडावर, पडलेली भाकरीची चतकोर उचलून खावी. रंकाळ्यावर फिरताना रस्त्यावर पडलेल्या आइस्क्रीमला लागलेला अपाय मात्र काढता येत नाही. घास नापाक जागी पडला आणि धुता येत नसेल तर तो जनावराला घालावा, असे इमाम नववी यांनी या हदीसच्या विवरणात म्हटले आहे. अन्नाचा मानही राहिला आणि पोटही सांभाळले गेले.

दुसरी जागा उष्ट्याची. 'मोमिनचे (श्रद्धावानाचे) उष्टे म्हणजे शिफा (आजारावरचा उतारा)' हे वाक्य आपल्याकडे हदीस म्हणून ऐकवले जाते, परंतु बुखारी, मुस्लिम यांसारख्या प्रमाण संग्रहांत ते नाही. त्या संग्रहांत आहे ते असे की, पिताना भांड्यात श्वास सोडू नये आणि पखालीच्या तोंडाला तोंड लावून पिऊ नये. शाळेत एकमेकांच्या बाटलीला तोंड लावून पाणी पिणाऱ्या मुलांना हे सरळ लागू पडते. सर्दी, खोकला, तापाची साथ बाकावरून बाकावर अशीच जाते. एका ताटात जेवण्याची आपली रीत मोडण्याची गरज नाही. उमर बिन अबी सलमा हे पैगंबरांच्या घरात वाढलेले मूल, जेवताना त्यांचा हात ताटभर फिरत असे, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना बिस्मिल्लाह म्हण, उजव्या हाताने खा आणि आपल्या समोरचे खा, असे सांगितले. स्वतःच्या बाजूचे खाल्ले की दुसऱ्याच्या बोटांशी आपला घास मिसळत नाही. शौचासाठी डावा आणि खाण्यासाठी उजवा, ही विभागणीही मुलाला तेथेच समजावून देता येते.

शिकवण्याची रीत

त्याच प्रसंगातून पद्धतही शिकता येते. तीन वाक्ये, जेवता जेवता, कोणतेही व्याख्यान न देता. आणि त्यानंतर आपली जेवण्याची रीत तशीच राहिली, असे उमर मोठेपणी सांगत. हजरत अनस (र.) यांनी दहा वर्षे पैगंबरांची सेवा केली आणि त्यांना एकदाही 'उफ' ऐकावे लागले नाही, हेही आपण मुलांना सांगतो, पण दूध सांडल्यावर आपल्या तोंडून काय निघते ते मुलांनी ऐकलेले असते.

नमाजची सवय सात वर्षांपासून लावावी असे सांगितले आहे, आणि स्वयंपाकघरासाठीही तेच वय मला योग्य वाटते. त्याआधी मूल पाहून शिकते, म्हणून आपण मोबाईलवर बोलून त्याच हाताने कणीक मळायला घेतली तर तेही ते पाहत असते. सात वर्षांनंतर भाजी धुणे, ताटे पुसणे, दस्तरखान झटकणे, दहाच्या आसपास मोठ्यांच्या देखरेखीत सुरी. गॅस आणि उकळता रस्सा यांची घाई नको. मुलगा आणि मुलगी असा भेद तर मुळीच नको, पैगंबर (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात असत, असे हजरत आयेशा (र.) यांनीच सांगितले आहे.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. काही संवेदनशील मुले हे सर्व ऐकून वारंवार हात धुऊ लागतात, ताटाला हात लावायलाही बिचकतात. वसवसा, म्हणजे मनाला लागलेली शंकेची वाळवी, आपल्या परंपरेनेही रोग मानला आहे. अशा मुलाला नियम वाढवून देऊ नयेत, कमी करून द्यावेत: खाण्यापूर्वी एकदा, शौचानंतर एकदा, कच्च्या मांसानंतर एकदा, आणि पुरे. त्यानेही थांबले नाही तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

हजरत अबू जर (र.) यांना पैगंबर (स.) यांनी सांगितले होते की, रस्सा करशील तेव्हा त्यात पाणी वाढव आणि शेजाऱ्यांची आठवण ठेव. ही हदीस जणू कोल्हापूरसाठीच आली आहे, असे मला नेहमी वाटते. येथे ईदला डबे गल्लीतल्या सगळ्या घरांत जातात आणि दिवाळीला ते फराळाने भरून परत येतात. शेजाऱ्याच्या घरी जाणारे अन्न ही अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, असते, आणि तो डबा बहुधा घरातले धाकटे मूलच घेऊन जाते. त्याला जाताना हात धुवायला लावावेत, झाकण घट्ट आहे ना ते पाहायला सांगावे, आणि दारात उभे राहून म्हणायचे एक वाक्य शिकवून पाठवावे: 'काकू, अम्मीने सांगितलंय, रस्सा दुपारी दोनला केलाय, आत्ता खाणार नसाल तर फ्रिजमध्ये ठेवा, आणि खाताना खळखळून उकळून घ्या.'